हरेश्वरने बसवलेलं गाणं

"शब्द माझे न्हाईत. मी फक्त बसवले."

हरेश्वरचं हे वाक्य थळच्या कोळीवाड्यात पोराटोरांनाही पाठ होतं. कोणी त्याच्या गाण्याची तारीफ केली की तो हातातलं जाळं मांडीवर ठेवायचा, मान खाली घालायचा आणि एवढंच बोलायचा. मग पुन्हा सुई उचलायचा. जाळी सांधण्यात त्याचा हात धरणारा दुसरा माणूस किनाऱ्यावर नव्हता, पण त्याची ओळख जाळ्यांची नव्हती. ओळख होती त्या गाण्याची. लोक म्हणत, बघा, ज्याचं गाणं टीव्हीवर झळकलं तो माणूस, पण डोक्यात हवा जाऊ दिली नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी तर ते वाक्य सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, खाली हरेश्वरचं नाव घालून. त्या आठवड्यात हरेश्वर बाजारात जायचा तो शाळेची वाट टाळून, वाळूतून.

कारण ते वाक्य अक्षर न अक्षर खरं होतं. चोवीस वर्षं तो ते चारचौघांत बोलत आला, आणि चोवीस वर्षं त्याचा अर्थ कोणी धरला नाही. त्याला तेच हवं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

हरेश्वरचा बाप कोंडाजी समुद्रात गेला तेव्हा हरेश्वर सात वर्षांचा होता. खांदेरीच्या बेटापलीकडे वारा फिरला, होडी पालथी झाली, दोघे जण पोहत आले, कोंडाजी आला नाही. प्रेतही मिळालं नाही. समुद्राने नेलेल्या माणसाची ही एक रीत असते, तो मेला असं घरातलं कोणी मोठ्याने बोलत नाही. "पाण्यात गेला" म्हणतात. बाजारात गेला, शेतात गेला, तसा पाण्यात गेला.

कोंडाजीची बहीण भागुबाई ही वाडीची धवलारीण. लग्नात ब्राह्मणाच्या आधी मान धवलारणीचा. हळद दळण्यापासून नवरी पाठवेपर्यंत प्रत्येक विधीला तिच्या तोंडचा धवला लागतो. धवला म्हणजे गाणं, पण नुसतं ऐकायचं गाणं नव्हे. धवला म्हटला की काम पुढे सरकतं, नाही म्हटला तर अडतं. भागुबाईकडे असे चाळीसएक धवले होते. कागदावर एकही नव्हता. आणि त्यातला एक फक्त तिच्याच तोंडात होता, तिच्या सासूने तिला दिलेला. त्याला वाडीत बोलावणं म्हणत.

ज्या घरातला माणूस पाण्यात गेलाय, त्या घरच्या हळदीला हे बोलावणं व्हायचं. वेळ भरतीची. दाराशी समुद्राकडे तोंड करून एक रिकामा पाट मांडायचा. पाटावर कोरा पंचा. मग भागुबाई गेलेल्याचं नाव घेऊन त्याला घरी बोलवायची. तो आला, पाटावर बसला, असं धरून नवरी पाटाच्या लाकडाला हळदीचं बोट लावायची, आणि तेच बोट मग स्वतःच्या गालाला. बापाने लावलेली हळद ती हीच.

हरेश्वर बारा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या बहिणीची हळद झाली. पंचा धरून पाटाजवळ तोच उभा होता. भागुबाईने डोळे मिटून आवाज लावला,

"कोंडाजी ये रे ये,
ओल्या पावलांनी ये,
भरतीच्या पाठीवर बसून ये,
आपल्या घरी ये."

पाच वर्षांत त्या घरात बापाचं नाव असं मोठ्याने कोणी घेतलं नव्हतं. हरेश्वरने पाटाकडे पाहिलं नाही. आपण पाहिलं तर तो संकोचेल, असं त्याला वाटलं. पुढे कित्येक वर्षं बापाची आठवण म्हणून त्याच्याकडे तेवढंच होतं, न पाहिलेला एक पाट.

बारावी झाल्यावर तो मुंबईला मामाकडे गेला. मामाचं घर माझगावला, काम भाऊच्या धक्क्यावर. हरेश्वर सकाळी धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलायचा आणि दुपारी कॉलेजात मागच्या बाकावर बसून वहीत काहीबाही लिहायचा. तिथे त्याला मितेश भेटला. गोरापान, केसांना जेल लावणारा, गळ्यात गिटार. मितेशने तीन मित्र जमवून एक बँड काढला होता, हार्बर बॉइज. तेव्हा तशी लाटच होती. चार पोरं, चौघांच्या सारख्या पांढऱ्या पँटी, सारखे काळे चष्मे, एकाच वेळी उजवा पाय, एकाच वेळी डावा. गाता दोघांनाच येत होतं. लिहिता एकालाही नाही.

"हॅरी, तू लिहितोस ना? मग तूच आमचा गीतकार," मितेश म्हणाला. हरेश्वरचा हॅरी असा झाला.

दोन वर्षं त्याने त्यांच्यासाठी लिहिलं. चंद्र, चांदणी, कॉलेजचा कट्टा. कॉलेजांच्या कार्यक्रमांत पोरं नाचायची आणि घरी जाताना विसरायची. मग एका कॅसेट कंपनीने त्यांना बोलावलं. साहेब म्हणाले, आठ गाणी ठीक आहेत, पण एक गाणं किनाऱ्यावरचं पाहिजे. मातीतलं. नाचता येईल असं. उद्या दुपारी स्टुडिओ घेतलाय.

चाल मितेशने केली. चालीवर शब्द बसवायचे हीच त्यांची पद्धत. मितेश नुसतं लाला-लाला गात बसायचा आणि हरेश्वर त्या लालांच्या मापाचे शब्द शोधायचा. त्या दुपारी स्टुडिओत पंखा बंद, काचेपलीकडे साहेब घड्याळ बघतायत, चौघं पोरं चष्मे लावून तयार, आणि हरेश्वरची वही कोरी.

"हॅरी, कुछ भी बोल यार! तुझ्या गावाकडचं काहीतरी बोल ना!"

त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने शोधलं नव्हतं. ते आत होतंच. "ओल्या पावलांनी ये, भरतीच्या पाठीवर ये." लालांच्या मापात ते असं बसलं, जसं काही चाल त्याच्यासाठीच केली होती.

मितेश उडालाच. "अरे कडक! ओल्या पावलांनी! पोरगी समुद्रातून येतेय, साला व्हिडिओच दिसतोय मला. आणि सुरुवातीला? सुरुवातीला कोणाला तरी हाक पाहिजे. दोन अक्षरं. कोण ये? कोणाचं नाव टाकू?"

हरेश्वर थांबला. तिथे कोंडाजीचं नाव होतं. ते त्याच्या जिभेवर आलेलं होतं. तेव्हा तो बोलू शकला असता, की हे राहू दे, हे आमच्या आत्याचं आहे, यात नाच नाही. नुसतं "नको" म्हणाला असता तरी भागलं असतं. साहेबांनी काचेवर बोट वाजवलं.

"टाक कुठलंही," हरेश्वर म्हणाला.

मितेशने टाकलं, पिंकी.

"पिंकी ये, ये ना ये, ओल्या पावलांनी ये, भरतीच्या पाठीवर ये, माझ्या घरी ये." गणपतीत वाजलं, दहीहंडीला वाजलं, रिक्षांत वाजलं, पालीच्या जत्रेत पाळण्यावर वाजलं. टीव्हीवर चार पोरं वाळूत उड्या मारताना आणि एक मुलगी ओल्या साडीत पाण्यातून येताना दिवसातून चार वेळा दिसायची. कॅसेटवर गीतकाराच्या जागी हरेश्वरने नुसतं हॅरी छापायला सांगितलं. मितेशला वाटलं, स्टाइल.

पण गावाला कळायचं ते कळलंच. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला वाडीने त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, चांदीची छोटी होडी. पुढाऱ्यांनी भाषणं केली, म्हणाले, आमच्या थळच्या पोराचे शब्द आज साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत. मग माइक त्याच्या हातात दिला. समोर पहिल्या रांगेत भागुबाई बसली होती, हिरवं लुगडं नेसून. तिने गाणं ऐकलं होतं, कानावर हात ठेवले तरी ऐकू येईल एवढं ते वाजत होतं. ती त्याच्याकडे बघत होती. रागाने बघत नव्हती. वाट बघावी तशी बघत होती.

तेव्हा तो ते वाक्य पहिल्यांदा बोलला. "शब्द माझे न्हाईत. मी फक्त बसवले." त्याला पुढे बोलायचं होतं. पण एवढ्यावरच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढचं राहिलं. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एका भागुबाईने.

सत्कार संपल्यावर तिने त्याला गाठलं.

"हऱ्या, कोनी लिवलं रं त्ये?"

"मुंबईच्या पोरांनी, आत्या."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरची शाल नीट करून गेली.

तरी तिने बोलावणं टाकलं नव्हतं. टाकलं ते पुढच्या माघात, वाडीतल्या जनीच्या लेकीच्या हळदीला. जनीचा नवरा भागोजी दोन वर्षांपूर्वी पाण्यात गेलेला. हरेश्वरला मुंबईहून खास पाहुणा म्हणून आणलं होतं. भरती लागली, पाट मांडला, जनी पंचा घेऊन पाटामागे उभी राहिली. भागुबाईने डोळे मिटले. "भागोजी ये रे ये, ओल्या पावलांनी ये..."

मांडवाच्या कडेला उभ्या पोरांत एकाला हसू फुटलं. दुसऱ्याने शिटी मारली. "पिंकी ये!" कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्यांनीच ताल धरला, "पिंकी ये, ये ना ये!" कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारी आपल्या भाच्याचं गाजलेलं गाणं म्हणतेय. "अरे गीतकार इथंच हाय, उचला त्याला!" म्हणत चौघांनी हरेश्वरला खांद्यावर घेतलं. तो वर होता, मांडवाचं कापड त्याच्या डोक्याला लागत होतं, आणि वरून त्याला सगळं दिसलं. रिकामा पाट. पंचा छातीशी धरलेली जनी. उघड्या डोळ्यांची भागुबाई.

आणि तो हसला. हात वर करून हसला.

पुढच्या आयुष्यात त्याने पुष्कळ वेळा स्वतःला समजावलं, की तेव्हा दुसरं काय करणार होतो, पोरांनी धरून ठेवलं होतं. तोंड तर कोणी धरलं नव्हतं.

भागुबाईने धवला तिथेच तोडला. पाट उचलून भिंतीला लावला आणि नवरीला म्हणाली, "चल, हळद लाव, उशीर होतंय." त्यानंतर बोलावणं वाडीत झालं नाही. लोकांनी विचारलं तर सांगायची, "त्या धवल्याला आवाज लय चढवावा लागतं. माझा आता चढत न्हाय." बाकीचे धवले ती पुढे वीस वर्षं खणखणीत म्हणत राहिली. हे कोणी जुळवून पाहिलं नाही.

हार्बर बॉइज तीन वर्षांत मोडले. गाण्याची लाट ओसरली, चौघांची पोटं सुटली, मितेशने वसईला मोबाइलचं दुकान टाकलं. हरेश्वरने त्या एका गाण्यानंतर अकरा गाणी लिहिली. एकही चाललं नाही. अकराव्या गाण्याच्या वेळी साहेब म्हणाले, "हॅरी, ते तुझं पिंकी होतं ना, तशी चीज दे." तो दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसला आणि कायमचा घरी आला. लग्न केलं. बायको सुचिता मुरुडची, तोंडाची फटकळ. तिने एकदा विचारलं होतं, "गीतकाराची बायको म्हणून आले मी. एक ओळ तरी लिवाल का माझ्यावर?" तो जाळ्याच्या गाठी मोजत राहिला. "जाऊ द्या," ती म्हणाली, "तुमचे शब्द सांभाळून ठेवा, लोणचं घालू." त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

तो आल्यावर पाचेक वर्षांनी भागुबाईचा मुलगा मोरू पाण्यात गेला. मोरू आणि हरेश्वर एका पाटीवर लिहायला शिकलेले. मोरूची मुलगी मानसी तेव्हा अकरा वर्षांची होती.

त्याच मानसीचं गेल्या वैशाखात लग्न ठरलं. अलिबागच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. हळदीच्या पंधरा दिवस आधी ती हरेश्वरच्या पडवीत आली. तो जाळं पसरून बसला होता.

"काका, बाबांना बोलवायचंय हळदीला."

हरेश्वरची सुई थांबली. "भागूआत्याला विचार."

"आजी बोलू शकत असती तर तुमच्याकडे आले असते का?" भागुबाईला दीड वर्षापूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा जवळपास गेली. "दुसऱ्या धवलारणींना विचारून आले. वरसोलीला गेले, मुरुडला गेले. बोलावणं कोणाला येत नाही. सगळ्या म्हणतात, ते भागुबाईचं. आजीला विचारलं, कोणाला येतं? तिने बोट केलं, या घराकडे."

"मना न्हाय येत."

"काका, तुम्ही तिच्या मांडीवर वाढलात."

"चोवीस वरसं झाली, मानसी. इसरलो."

"मग आठवा," ती नर्सच्या आवाजात म्हणाली, गोळी घ्या म्हणावं तसं. "मी बाबांची हळद लावल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. हे मी आईला सांगितलंय, तिकडच्या लोकांनाही सांगितलंय."

ती गेल्यावर हरेश्वरने दार लोटून घेतलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. आलं ते पिंकीचं. पुन्हा म्हटलं, पुन्हा पिंकी. चाल उड्या मारत यायची आणि "माझ्या घरी ये" वर येऊन संपायची. धवला तिथे संपत नव्हता, पुढे आणखी होता, एवढं त्याला माहीत होतं. पुढचं काय, ते गेलं होतं. स्वतःच्या घराची मागची खोली कोणीतरी बुजवून टाकावी तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो भागुबाईकडे गेला. ती खाटेवर होती, डावा हात तेवढा जिवंत. मानसीने तिच्या हाताशी पितळेची थाळी ठेवली. हरेश्वर खाली बसला आणि म्हणू लागला. पहिल्याच शब्दाला भागुबाईने थाळीवर चापट मारली. चूक. तो पुन्हा म्हणाला. चापट. चाल फार पळत होती. तिने बोटांनी थाळीवर ठेका धरून दिला, संथ, वल्ही मारल्यासारखा. एक, आणि मग दम, आणि मग दुसरा. तो त्या ठेक्यावर चालायला लागला, आणि नावाच्या जागी त्याच्या तोंडून निघालं, "पिंकी..."

मानसीने खाली पाहिलं. हरेश्वरचे कान तापले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आत्याच्या खाटेशी मांडी घालून बसलेला, आणि बापाच्या नावाच्या जागी त्याची जीभ हे बोलते.

"आत्या," तो म्हणाला, "मुंबईच्या पोरांनी न्हाय लिवलं. त्ये मीच दिलं त्यांना. नाव कुठलं टाकू इचारलं, मी म्हटलं टाक कुठलंही."

भागुबाईचं तोंड हलायला वेळ लागला. वाकड्या ओठातून दोन शब्द आले.

"ठाव हाय."

"कवापासनं?"

तिने डाव्या हाताने हवेत शाल नीट केल्यासारखं केलं. सत्काराच्या दिवसापासून. म्हणजे आवाज चढत नाही असं ती वाडीला सांगत होती, ते स्वतःसाठी नव्हतं. त्याच्यासाठी होतं. वीस-बावीस वर्षं ती त्याचं पांघरूण झाली होती आणि तो त्या पांघरुणात निवांत झोपला होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. सुचिताने ताट उचललं आणि झाकून ठेवलं.

पुढचे शब्द मात्र काही केल्या येत नव्हते. शेवटी चौथ्या दिवशी भागुबाईने थाळी बाजूला सारली आणि दाराकडे बोट केलं. पाट. मानसीने पाट आणून दाराशी मांडला. मग खुंटीवरच्या पंच्याकडे बोट. हरेश्वरने पंचा घेतला, घडी पाटावर ठेवली, आणि हाताला त्या कोऱ्या कापडाची खळ लागताच पुढची ओळ तोंडात आली, "पाट मांडला दारात, कोरा पंचा पाटावर." भागुबाईने स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. "अंग पुसून हळद लाव." तिने मानसीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकीच्या माथ्यावर हात ठेव." आणि मग तिने तोच हात उचलून समुद्राच्या दिशेने हळूच सोडून दिला. हरेश्वरने त्या सुटलेल्या हाताकडे पाहिलं.

"ओहोटी लागंल तवा जा," तो म्हणाला.

ही शेवटची ओळही गाण्यात नव्हती. बोलावलेल्याला परत पाठवायची ओळ. मितेशच्या चालीत जागा नव्हती म्हणून गेली, की त्यालाच ती नको होती, कोण जाणे. मग पाट-पंचा घेऊन समुद्रापर्यंत जायचं, पंचा पाण्यात सोडायचा, मागे वळून बघायचं नाही, हेही त्याला आठवलं. बोलावणं ज्याने केलं, पोचवायचंही त्यानेच.

हळदीच्या दिवशी भरती दुपारी चारची. मांडव भरला होता. साउंडवाल्या हर्षदने सकाळपासून दोनदा पिंकी वाजवलं होतं, नवरीकडच्या काकांचा मान म्हणून. पाट मांडला. भागुबाईची खाट उचलून दाराशी आणली. हरेश्वर उठला तशी कुजबुज झाली. बाप्या माणूस धवला म्हणणार? एक म्हातारी म्हणाली, "लुगडं नेसवा त्याला!" बायका हसल्या.

हरेश्वरने माइक घेतला नाही. उभा राहून म्हणाला, "मना आधी एक सांगायचंय. त्ये पिंकीचं गानं भागूआत्याचं हाय. तिचं बोलावणं. मी त्ये चोरून मुंबईला दिलं. पिंकी म्हनता ना तुमी, तिथं माझ्या बापाचं नाव होतं. शब्द माझे न्हाईत."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "मी फक्त बसवले!" आणि सगळा मांडव हसला. टाळ्या पडल्या.

"केवढा मोठेपणा बघा! आत्याला मान दिला."

"अरे हर्षद, लाव की मग पिंकी!"

हरेश्वर म्हणाला, "न्हाय, ऐका, खरंच..." पण इतकी वर्षं त्यानेच ते वाक्य वापरून वापरून गुळगुळीत केलं होतं. आता ते कोणाच्या हातात ठरत नव्हतं. त्याने भागुबाईकडे पाहिलं. मानसी हळदीची वाटी धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. भरती कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा मागून, बायकांच्या शेवटच्या रांगेतून, जनी उठली. सत्तरीची, वाकलेली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिला बोलताना लोकांनी फारसं कधी ऐकलं नव्हतं म्हणून सगळे गप्प झाले.

"त्ये खोटं न्हाय बोलत. माझ्या लेकीच्या हळदीला तुमी ह्याला खांद्यावर घेतलं होतं. त्ये हसत होता. मी बघलंय." मग ती हरेश्वरला म्हणाली, "माझ्या भागोजीला आर्धं बोलावलंत आनि नाचलात. नाव घेतलं, घरी ये बोललं कोनीच न्हाय. तेवीस वरसं झाली. त्ये अजून वाटंत हाय. न घरात, न पान्यात. मोरूला बोलवशील तवा त्याला बी बोलव. आनि धाड परत."

कोणी हसलं नाही. हर्षदने पुढे होऊन साउंडची वायर काढली. त्या दिवशी शिटी मारणारी पोरं आता चाळिशीची होती, त्यातले दोघे मांडवात होते, आणि दोघेही आपल्या पायांकडे बघत होते.

भागुबाईने थाळीवर पहिला ठेका दिला. हरेश्वरने डोळे मिटले. त्याचा आवाज चांगला नव्हता, कधीच नव्हता, म्हणून तर तो लिहिणारा झाला. पण ठेका संथ होता आणि त्याला धरून चालता येत होतं. त्याने आधी कोंडाजीचं नाव घेतलं. चोवीस वर्षांपूर्वी काचेच्या खोलीत जिथे ते थांबलं होतं, तिथून ते पुढे निघालं. मग भागोजीला बोलावलं, पार घरापर्यंत. जनी पाटाजवळ येऊन उभी राहिली. मग मोरूला. "मोरू ये रे ये, ओल्या पावलांनी ये," आणि इथे त्याचा आवाज फाटला. ठेका चुकला. भागुबाई थांबली, तिने त्याला वेळ दिला, आणि पुन्हा तिथूनच उचललं. मानसीने पाटाच्या लाकडाला हळदीचं बोट लावलं आणि ते बोट गालावर ओढलं. गालावर पिवळी रेघ उमटली आणि ती डोळे मिटून तशीच उभी राहिली, कोणीतरी डोक्यावर हात ठेवल्यासारखी.

हरेश्वरला वाटलं होतं, हे झालं की मोकळं वाटेल. वाटलं नाही. शेवटच्या ओळीवर तो आला तेव्हा त्याला एवढंच कळत होतं, की समोर जनी उभी आहे आणि तिच्याकडे बघायची आपली छाती नाही.

"ओहोटी लागंल तवा जा."

पाणी उतरायला लागलं तसा त्याने पाट डोक्यावर घेतला, त्यावर पंचा. मांडव दोन्ही बाजूंनी सरकला आणि मधून वाट झाली. सुचिता वाटेच्या तोंडाशी होती. घसरणारा पंचा तिने पाटाच्या कडेत नीट खोचून दिला. तो चालू लागला. सुकट वाळत घातलेल्या मांडवांच्या मधून, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या शेजारून, ओल्या वाळूकडे. मागे बघायचं नाही अशी रीतच होती. त्या दिवशी रीत नसती तरी त्याने पाहिलं नसतं.

मांडवातली माणसं हळूहळू आपल्या कामाला लागली, कोणी वाटी धरली, कोणी चहा आणला. भागुबाईने डोळे मिटले. जनी तेवढी बाहेर येऊन एका होडीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. पाण्याच्या रेघेशी हरेश्वर वाकला, पुन्हा सरळ झाला आणि रिकामा पाट हातात धरून, मागे न बघता, किनाऱ्याकिनाऱ्याने खांदेरीच्या बाजूला पुढे चालत गेला. त्याच्या डोक्यावरून उतरलेला पंचा ओहोटीला लागला. जनी आधी हरेश्वरकडे बघत होती. मग तो दूर जाऊन लहान झाला, आणि ती पंच्याकडे बघत राहिली, पंचा दिसेनासा होईपर्यंत.